दहा फुटांची गाडी: मिनीच्या पोटात चार माणसं मावली कशी

मिनी म्हटलं की लोकांना आधी तिचा चेहराच आठवतो, गोल दिवे, छोटी जाळी, चारी कोपऱ्यांना टेकलेली चाकं, आणि मग कोणीतरी म्हणतंच की किती क्यूट आहे ना. आहेच क्यूट. पण मला लिहायचंय ते तिच्या पोटात काय दडलंय त्याबद्दल, कारण आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधे उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन बोनेटखाली आडवं का बसवलेलं असतं हे मिनी समजून घेतली की आपोआप कळतं. आणि मी बोलतोय ती १९५९ सालची मूळ इंग्लिश मिनी, आता शोरूममधे मिळते ती बीएमडब्ल्यूची नव्हे. त्या दोघींमधे नाव आणि चेहरेपट्टी सोडली तर सारखं असं फारसं काही नाही.

आधी मापं बघा. लांबी ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. रुंदी १.४१ मीटर, उंची १.३५ मीटर. आपली मारुती ८०० हिच्यापेक्षा लांब होती, इतकंच काय टाटा नॅनोसुद्धा थोडी लांबच भरते. आणि या दहा फुटांत चार मोठी माणसं नीट बसायची, वर त्यांचं थोडंफार सामान, आणि पुढे चार सिलिंडरचं पूर्ण इंजिन. गाडीने जमिनीवर जेवढी जागा अडवली त्यातली साधारण ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. १९५९ साली हे ऐकून लोकांना खरं वाटत नव्हतं.

हे अवघड का होतं ते कळायला आपली ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी डोळ्यासमोर आणा. पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागच्या सीटवर मधे कोण बसणार यावरून घरात वाद व्हायचे, कारण मधे बसणाऱ्याच्या पायाखाली तो लांबलचक उंचवटा यायचा. तो तिथे का असतो? तर या गाड्यांमधे इंजिन पुढे उभं बसवलेलं असतं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि गाडी ढकलायचं काम मागच्या चाकांचं, त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, फ्लोअरखालून न्यावा लागतो. तो दांडा जायला बोगदा लागतो आणि तो बोगदा म्हणजेच तो उंचवटा. शिवाय मागे ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे ताकद डाव्या उजव्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, त्याच्यासाठी सीट वर उचला. म्हणजे गाडीचा पुढचा मोठा हिस्सा इंजिन आणि गिअरबॉक्सने खाल्ला, मधली जागा दांड्याने खाल्ली, मागची गोळ्याने, आणि उरलेल्या जागेत माणसं. मोठ्या गाडीत हे चालून जातं. दहा फुटांत नाही चालत.

दुसरा मार्ग होता इंजिन मागे टाकायचा, फोक्सवॅगन बीटल किंवा फियाट ५०० सारखा. त्यात तो लांब दांडा लागत नाही हे खरं, पण डिकीची जागा इंजिनने घेतली, सामान आणि पेट्रोलची टाकी पुढे कोंबा, आणि वजन सगळं मागे गेल्याने वाऱ्यात आणि वळणावर गाडी बिचकते.

आता ही छोटी गाडी हवीच कशाला होती, तर त्याचं उत्तर इजिप्तमधे आहे. १९५६ च्या जुलैमधे तिथले राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यावरून इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला, कालवा बंद पडला आणि ब्रिटनला येणारं तेल अडलं. त्या डिसेंबरपासून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनमधे पेट्रोल रेशनवर मिळत होतं. अशा वेळी लोकांनी काय केलं असेल, तर इझेटा, हाइन्केल, मेसरश्मिट असल्या जर्मनीतून आलेल्या बबल कार घ्यायला सुरुवात केली, दोन माणसं कशीबशी बसतील अशा, मोटरसायकलचं इंजिन लावलेल्या, काहींना तर चाकंही तीनच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, ही ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन १९५२ साली झालेली कंपनी, तिचे प्रमुख होते लेनर्ड लॉर्ड. त्यांना या बबल कार अजिबात आवडायच्या नाहीत. त्यांनी आपल्या डिझायनरला सांगितलं की या रस्त्यावरून घालवायच्या आहेत, मला एक खरीखुरी छोटी गाडी करून दे, चार माणसांची, आणि अट एकच, इंजिन आपल्याकडे आत्ता आहे तेच वापरायचं, नवीन बनवायचं नाही. अट शहाणपणाची होती, कारण नवीन इंजिन म्हणजे नवीन मशिनरी, नवीन साचे, मोठा खर्च आणि कित्येक वर्षं. बीएमसीकडे ए-सिरीज नावाचं चार सिलिंडरचं इंजिन तयार होतं, तेच घ्यायचं ठरलं.

तो डिझायनर म्हणजे ॲलेक इसिगोनिस. यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जन्म १९०६ चा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात, म्हणजे आजचं इझमिर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियाची जर्मन. १९२२ साली युद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश जहाजांनी त्यांना तिथून बाहेर काढलं, माल्टाला नेलं, वडील तिथेच वारले, आणि आई मुलाला घेऊन इंग्लंडला आली. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमधे इंजिनिअरिंग शिकले आणि गणितात तीन वेळा नापास झाले. पुढे आयुष्यभर त्यांचं म्हणणं हेच राहिलं की शुद्ध गणित हे सर्जनशील माणसाचं शत्रू असतं. ते हाताने भराभर स्केचेस काढायचे, एखादा जोड कसा बसेल, पाय कुठे येतील, चाक कुठवर वळेल, आणि मग त्यातून प्रत्यक्ष मापं काढून ड्रॉइंग करायचं काम जॅक डॅनियल्ससारखे त्यांचे सहकारी करायचे. डॅनियल्स यांचं नाव मिनीच्या गोष्टीत फार कमी वेळा येतं, यायला हवं.

मिनीच्या आधी इसिगोनिस यांनी मॉरिस मायनर केली होती, १९४८ ची. ती तयार होत आली तेव्हा त्यांना ती अरुंद वाटायला लागली म्हणून नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली, दोन तुकडे सरकवून बघितले, आणि चार इंच रुंदी वाढवली. मायनरच्या बोनेटवर मधून जाणारी सपाट पट्टी दिसते ना, ती त्या चार इंचांची खूण. ब्रिटनमधे दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली गाडी ठरली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ही मायनर बेबी हिंदुस्तान नावाने विकली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या रॅलीत कधी बेबी हिंदुस्तान दिसली तर ती याच माणसाच्या हातची आहे हे लक्षात ठेवा. आणि ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तीसुद्धा याच कंपनीची.

तर १९५७ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. इसिगोनिस यांनी गाडीपासून सुरुवात केलीच नाही, त्यांनी माणसांपासून केली. चार माणसांना बसायला किती जागा लागते ती आधी ठरवली, मग उरलेल्या जागेत यंत्रं बसवायची. माझ्या मते मिनीत जे काही आहे ते या एका गोष्टीतून निघालंय, आणि मजा अशी की प्रत्येक उपायाने एक नवीन अडचण उभी केली आणि त्या अडचणीच्या उपायाने आणखी एक.

पहिली पायरी, पुढची चाकं गाडी ओढणार. मग मागे जाणारा दांडा नको, बोगदा नको, मागचा गोळा नको, फ्लोअर सपाट. हे काही नवीन नव्हतं, फ्रान्समधे सिट्रोएनने १९३४ पासून अशी गाडी विकली होती.

दुसरी पायरी, इंजिन आडवं. चार सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन लांबट असतं, ते उभं ठेवलं तर बोनेट लांब होतं, तेच काटकोनात फिरवून डावीकडून उजवीकडे ठेवलं तर त्याची लांबी गाडीच्या रुंदीत जिरते आणि बोनेट एकदम छोटं होतं. हेही पहिल्यांदा मिनीनेच केलं असं म्हणणं बरोबर नाही, जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने १९३१ मधेच आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांचा ड्राइव्ह एकत्र आणला होता. पण त्यांचं इंजिन दोन सिलिंडरचं, दोन स्ट्रोकचं, म्हणजे मुळातच आखूड. चार सिलिंडरचं इंजिन आडवं टाकलं की रुंदी संपली. मग क्लच आणि गिअरबॉक्स कुठे ठेवणार? इंजिनच्या टोकाला लावला तर सगळं मिळून चाकांच्या मधे बसतच नाही, आणि चाकांना वळायला पण जागा लागते. ए-सिरीज अर्धं कापून दोन सिलिंडरचं करूनही बघितलं, ते फार थरथरायचं.

मग तिसरी पायरी, आणि इथे खरी करामत आहे. इंजिनच्या खाली ऑइल चेंबर असतो, इंजिनचं ऑइल त्यात साठतं. इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स उचलला आणि त्या ऑइल चेंबरमधेच टाकला. इंजिन वर, गिअर खाली, दोघांना ऑइल एकच. इंजिनची ताकद एका टोकाला क्लचमधून बाहेर येते, तिथून दातेरी चक्रांनी खाली गिअरबॉक्समधे उतरते, आणि मागे चिकटलेल्या डिफरन्शियलमधून डाव्या उजव्या चाकांकडे जाते. सगळा मिळून एकच गठ्ठा. त्यामुळे इंजिन थोडं उंच बसलं, पण लांबी रुंदी दोन्ही वाचली.

फुकट मात्र काही मिळालं नाही. गिअरचे दात एकमेकांवर घासताना ऑइलची पार दमछाक करतात, त्याचा चिकटपणा लवकर कमी होतो, आणि गिअरमधून निघालेली बारीक धातूची भुकटीही त्याच ऑइलमधे फिरते, म्हणून मिनीचं ऑइल वेळच्या वेळी बदलणं ही काही ऐच्छिक गोष्ट नाही. आणि ती खाली उतरणारी चक्रं एक विशिष्ट सूर काढतात, जुनी मिनी जवळून गेली की इंजिनच्या आवाजावर एक बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो तो त्यांचाच.

आता पुढची अडचण. पुढची चाकं गाडी ओढणार म्हणजे ताकद अशा चाकांना द्यायची जी वळतातही आणि खड्ड्यात वरखालीही होतात. दांडा सरळ रेषेत नसेल तर मधे जोड लागतो, आणि जुन्या गाड्यांमधे त्यासाठी जो जोड असतो त्याला आपले मेकॅनिक क्रॉस म्हणतात. क्रॉसची खोड अशी की तो कोनात फिरायला लागला की एका बाजूचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेरीत दोनदा किंचित जोरात आणि दोनदा किंचित हळू फिरतो. प्रॉपेलर शाफ्टमधे कोन लहान असतो आणि दोन टोकांना दोन क्रॉस असल्याने एकाची चूक दुसरा भरून काढतो, म्हणून जाणवत नाही. पण पुढचं चाक पूर्ण वळवलं की कोन मोठा होतो, आणि मग ते जलद हळू जलद हळू थेट स्टिअरिंगमधून हाताला बसतं. गाडी वळताना स्टिअरिंग थडथडणार.

याचं उत्तर आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने १९२० च्या दशकातच शोधून ठेवलं होतं. कल्पना अशी, एका बाजूच्या दांड्याच्या टोकाला वाटी, तिच्या आतून सहा खाचा. दुसऱ्या बाजूच्या टोकाला वाटीत बसणारा गोलसर तुकडा, त्यावर बाहेरून सहा खाचा. समोरासमोरच्या खाचांमधे एकेक स्टीलची गोळी, सहा गोळ्या, आणि त्या एका पिंजऱ्यात धरलेल्या. दांडे कितीही कोनात वाकले तरी खाचांचा आकार असा की गोळ्या नेहमी त्या कोनाच्या बरोब्बर अर्ध्यावर येऊन थांबतात. म्हणजे या दांड्याकडून बघितलं काय आणि त्या दांड्याकडून बघितलं काय, गोळ्या दोघांना सारख्याच दिसतात, कुणालाच जास्त नाही कुणालाच कमी नाही, म्हणून दोघांचा वेग एकच राहतो. यालाच आज आपण सीव्ही जॉइंट म्हणतो. यू टर्न घेताना पुढून कटकट आवाज आला की मेकॅनिक म्हणतो ना की जॉइंट गेलाय, तो हाच. हा जोड मिनीच्या आधी होता, पण छोट्या स्वस्त गाडीत लाखोंच्या संख्येने वापरला गेला तो मिनीपासून, आणि आज पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक गाडीत आहे. मिनीची जगाला सगळ्यात मोठी देणगी कुठली असं कोणी विचारलं तर मी आडव्या इंजिनाच्या आधी याचं नाव घेईन.

चाकं. त्या काळच्या गाड्यांची चाकं मोठी असायची, आणि चाक मोठं की त्याचा कोनाडा मोठा, तो थेट आत घुसतो, पुढे पायांच्या जागेत आणि मागे सीटच्या बाजूला. इसिगोनिस यांना दहा इंची चाक हवं होतं. इतक्या लहान चाकाचे योग्य टायर तयार नव्हते, डनलॉपने ते मुद्दाम बनवले. लहान चाकाचा त्रास असा की तेवढंच अंतर कापायला ते जास्त फेऱ्या मारतं, टायर जास्त झिजतो, आणि आत ब्रेकचा ड्रमही लहानच मावतो, सात इंची. सुरुवातीच्या मिनीचे ब्रेक हे तिचं दुखणंच होतं.

आणि मग सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे दणके झेलणारी यंत्रणा, जी मला सगळ्यात सुंदर वाटते. अडचण नीट समजून घ्या. रिकामी मिनी साधारण ६०० किलोच्या आसपास, त्यात चार माणसं आणि सामान टाकलं की तीनशेएक किलो वाढले, म्हणजे वजन एकदम दीडपट. मोठ्या गाडीत चार माणसं बसली तर वजन इतक्या प्रमाणात वाढत नाही. स्टीलची साधी स्प्रिंग एकाच प्रमाणात दबते. रिकाम्या गाडीला आरामदायक होईल इतकी मऊ ठेवली तर चार माणसं बसल्यावर गाडी जमिनीला टेकणार, आणि भरलेली गाडी पेलेल इतकी कडक ठेवली तर एकट्या ड्रायव्हरचे मणके खिळखिळे होणार. पाहिजे अशी गोष्ट जी आधी मऊ असेल आणि दबत जाईल तशी आपोआप कडक होत जाईल.

रबर नेमकं असं वागतं. ॲलेक्स मोल्टन हे इसिगोनिस यांचे मित्र, त्यांच्या घराण्याचा पिढ्यानपिढ्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला रबराचा कारखाना. त्यांनी स्प्रिंगच्या जागी शंकूच्या आकाराचा रबराचा ठोकळा दिला, प्रत्येक चाकाला एक. मुठीत मावेल एवढा नाही पण गुंडाळलेल्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे जागाही वाचली. हेच मोल्टन पुढे १९६२ मधे लहान चाकांची सायकल घेऊन आले, तिच्यातही रबराचं सस्पेन्शन होतं. १९६४ मधे मिनीत रबराबरोबर द्रव वापरणारी हायड्रोलॅस्टिक पद्धत आली, पुढचं चाक दबलं की द्रव पाइपातून मागच्या चाकाकडे जायचा आणि गाडी डोलायची नाही, पण ती महाग पडायची, त्यामुळे काही वर्षांनी कंपनी मुकाट्याने पुन्हा साध्या रबरावर आली. खरं सांगायचं तर रबरावरची मिनी मऊ अजिबात नाही, खडबडीत रस्त्यावर ती दणके देते, पण चाकं पार कोपऱ्यात, वजन खाली, स्टिअरिंग थेट, त्यामुळे वळणावर ती रस्त्याला अशी धरून राहते की चालवणारा एकदा चालवली की विसरत नाही.

पहिला चालता नमुना १९५७ च्या ऑक्टोबरमधेच तयार झाला, नारिंगी रंगामुळे त्याला ऑरेंज बॉक्स म्हणायचे. चाचण्यांमधे एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. इंजिन आधी ९४८ सीसीचं होतं, त्यावर गाडी ताशी ९० मैलांच्या पुढे जायला लागली, आणि तेवढा वेग ते ब्रेक आणि तो सामान्य गिऱ्हाईक दोघांनाही झेपणार नाही म्हणून इंजिन ८४८ सीसीवर आणलं, विक्रीतल्या गाडीचा वेग मग ताशी ७० मैलांच्या जरा वर. सस्पेन्शन थेट बॉडीला जोडलं होतं तिथे पत्र्याला तडे जायला लागले, म्हणून पुढे आणि मागे वेगळ्या सबफ्रेम, म्हणजे छोट्या चौकटी, घातल्या. पुढे वजन जास्त झालं, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम व्हायची, म्हणून बॅटरी उचलून डिकीत नेली आणि मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह लावला.

आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. आधी तो पुढच्या बाजूला होता, थंडीत समोरच्या गार हवेने त्यात बर्फ धरायला लागला, म्हणून सगळं इंजिनच १८० अंशात फिरवलं. कार्बोरेटर मागे उबेत गेला, पण मग डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग, पुढे आला, थेट जाळीच्या मागे, आणि पावसात पाणी उडलं की ठिणगी बंद आणि गाडीही बंद. पुढे वर्षानुवर्षं मिनीवाले तिथे प्लास्टिक नाहीतर रबर बांधून फिरले.

लेनर्ड लॉर्ड यांनी १९५८ च्या जुलैमधे नमुना लाँगब्रिजच्या कारखान्याभोवती चालवून बघितला आणि उतरताच सांगितलं की बारा महिन्यांत उत्पादन सुरू झालं पाहिजे. झालंही. पण या घाईची किंमत पुढे मोजावी लागली.

बॉडीबद्दल थोडक्यात, पण त्यातही तेच डोकं आहे. पत्र्याचे जोड आत वळवण्याऐवजी बाहेर ठेवले, मिनीच्या कोपऱ्यांवर खालून वर जाणारी ती उभी पट्टी म्हणजे वेल्डिंगची शिवण, बाहेर असली की वेल्डिंग सोपं आणि आतली जागा वाचते. दाराच्या बिजागऱ्या बाहेर. काचा खाली जाणाऱ्या नाहीत, मागेपुढे सरकणाऱ्या, कारण काच खाली जायची तर दारात तिला जागा आणि यंत्रणा लागते, ती काढली की दार पातळ होतं, कोपरांना जागा मिळते आणि दारात केवढा मोठा कप्पा निघतो. डॅशबोर्ड म्हणजे एक लांब फळी आणि मधोमध एकच मोठं मीटर. डिकीचं झाकण खालच्या बाजूला बिजागरी लावून असं केलं की ते उघडं ठेवून त्यावर जास्तीचं सामान ठेवता येईल, आणि मग नंबर प्लेट झाकली जाऊ नये म्हणून नंबर प्लेटलाही बिजागरी, झाकण आडवं झालं की प्लेट खाली लोंबून सरळ दिसते! सीट मात्र ताठ. इसिगोनिस यांचं मत होतं की ड्रायव्हर फार आरामात बसला की त्याचं लक्ष उडतं. हे मला काही पटत नाही, लांबच्या प्रवासात कंबर धरलेला ड्रायव्हर सावध असतो असं कोण म्हणेल, पण माणूस आपल्या मताचा पक्का होता.

२६ ऑगस्ट १९५९ ला गाडी लोकांसमोर आली, दोन नावांनी, ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर, कारण दोन्ही कंपन्यांचे डीलर वेगळे होते. एक लाँगब्रिजला बनायची, एक ऑक्सफर्डजवळच्या काउलीला. किंमत टॅक्ससकट ५०० पौंडांच्या आतच, ४९६ पौंड आणि वर काही शिलिंग. आणि मग पाऊस आला. फ्लोअरच्या पत्र्यांचा जोड उलट्या दिशेने ठेवला गेला होता, त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी जोडात शिरून थेट आत, गालिचे भिजलेले, पाय ओले. चाचण्या कोरड्या उन्हाळ्यात झाल्या होत्या म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. घाई म्हणालो ती ही.

किंमतीचंही असंच. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत घेतली, शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलली, प्रत्येक भागाचा खर्च मांडला, आणि त्यांच्या हिशोबात बीएमसीला प्रत्येक गाडीमागे साधारण ३० पौंडांचा तोटा होत होता. बीएमसीने हा हिशोब मान्य केला नाही, पण मिनीने कंपनीला कधी गडगंज पैसा मिळवून दिला नाही हे तर दिसतंच. इतकं नवं तंत्र असलेली गाडी जुन्या पद्धतीच्या गाड्यांपेक्षा स्वस्त विकणं मला आजही अनाकलनीय वाटतं.

सुरुवातीला विक्री थंडच होती. ज्यांच्यासाठी गाडी केली त्या साध्या कुटुंबांना ती फारच वेगळी वाटली. तिला उचलून धरलं ते लंडनच्या श्रीमंत आणि फॅशनेबल लोकांनी, राणीच्या बहिणीचे यजमान लॉर्ड स्नोडन हे तर इसिगोनिस यांचे मित्रच, आणि एकदा का मोठी माणसं हिच्यातून उतरताना फोटोत दिसायला लागली की कारकून आणि शिक्षकांनाही घ्यायला संकोच राहिला नाही. छोटी गाडी म्हणजे गरिबाची गाडी हे समीकरण ब्रिटनमधे तिथे मोडलं. फॅशन डिझायनर मेरी क्वांट यांनी सांगितलंय की मिनीस्कर्टचं नाव त्यांनी या गाडीवरून घेतलं.

रेसिंगचं श्रेय जॉन कूपर यांचं. फॉर्म्युला वनमधे १९५९ आणि १९६० ची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांसाठीचं विजेतेपद, त्यांच्या गाड्यांनी जिंकली होती, त्यांना मिनी चालवताच कळलं की हिला फक्त ताकद आणि बरे ब्रेक पाहिजेत. इसिगोनिस यांना आधी ही कल्पना रुचली नव्हती, त्यांच्या लेखी ती लोकांची गाडी होती. १९६१ मधे मिनी कूपर आली, ९९७ सीसी, ५५ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक. मग माँटे कार्लो रॅली, बर्फाच्या डोंगरी रस्त्यांवरची, १९६४ ला पॅडी हॉपकर्क, १९६५ ला टिमो मॅकिनेन, १९६७ ला राउनो आल्टोनेन. १९६६ ला तर पहिल्या तिन्ही नंबरांवर मिनीच होत्या, पण हेडलाइटच्या बल्बवरून तिघांनाही बाद केलं आणि जिंकली सिट्रोएन. कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे ही चिमुरडी जिंकायची कशी, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच आहे, बर्फात पकड मिळते, आणि घाटात वळणामागून वळण येत असताना नुसत्या हॉर्सपॉवरचा उपयोग कमीच होतो.

मिनी ४ ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिली, लाँगब्रिजलाच, सगळ्या मिळून ५३ लाखांहून जास्त. काचा नंतर खाली जायला लागल्या, बिजागऱ्या आत गेल्या, इंजिन मोठं झालं, पण गिअरबॉक्स शेवटपर्यंत ऑइल चेंबरमधेच आणि चाकांवर रबराचे शंकूच. इसिगोनिस यांना १९६९ मधे सर ही पदवी मिळाली, १९८८ मधे ते वारले.

आता आपल्या पार्किंगमधल्या गाडीकडे या. तिचं इंजिन आडवं आहे, पुढची चाकं ओढतात, सीव्ही जॉइंट आहे, फ्लोअर जवळपास सपाट. पण गिअरबॉक्स इंजिनच्या खाली नाही, शेजारी आहे. हे जमवलं इटलीत, फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी, १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला गाडीत आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मधे. त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स एका रांगेत आडवे लावले, आणि डिफरन्शियल एका बाजूला सरकल्याने डावा उजवा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा, लहानमोठा झाला तो तसाच स्वीकारला. मिनीपेक्षा थोडी रुंदी जास्त लागली, पण इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरचं वेगळं, आणि क्लचप्लेट बदलायची तर एक बाजू खोलली की झालं. बनवायला स्वस्त, दुरुस्तीला सोपं, म्हणून जगाने तेच घेतलं. १९८३ मधे मारुती ८०० आली तेव्हा तिच्या बोनेटखाली तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन असंच आडवं होतं आणि टोकाला गिअरबॉक्स, पद्मिनी आणि ॲम्बेसेडरची सवय असलेल्या आपल्या मेकॅनिक लोकांना पहिल्यांदा ते बघून हात कुठून घालायचा हाच प्रश्न पडायचा.